तिरक्या ध्वनीची साक्ष

'सोनोग्राफी' हा शब्द आपल्याकडे गर्भाशी इतका एकजीव झालेला आहे की, खांद्याच्या तपासणीसाठी आलेला एखादा गृहस्थ दारातच थबकतो आणि "डॉक्टर, हे यंत्र हातासाठीही चालतं?" असे संकोचाने विचारतो. चालते, आणि माझ्या आयुष्याची कैक वर्षे याच कामात गेली आहेत. गर्भलिंगनिदानास पायबंद घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, केंद्राने पुढे १९९४ साली केला. सबब केवळ गुडघे आणि मनगटे पाहणारे माझे यंत्रही सरकारदप्तरी नोंदलेले आहे, आणि ते तसे असावे हेच मला उचित वाटते.

दर सेकंदास एक-दीड कोटी कंपने असलेला ध्वनी त्वचेखाली सोडावा आणि मृदू ऊतींतून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जाऊन परतणाऱ्या त्याच्या प्रतिध्वनीवरून आतील चित्र उभारावे, हे या विद्येचे मर्म. कंपने जितकी अधिक, तितके चित्र सूक्ष्म आणि ध्वनीची पोच उथळ. हाडाच्या पाठीमागचे तर काहीच दिसत नाही.

परंतु या विद्येतील खरा पेच कोनाचा आहे. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेचे धागे समांतर असतात. त्यांवर ध्वनी काटकोनात पडला तर ते उजळ रेषांनी झळकतात, आणि तो किंचित तिरका झाला की तीच धडधाकट कंडरा काळवंडते. तुटलेली कंडराही काळीच दिसते! शिक्षणाच्या दिवसांत, ओझी वाहून खांदा धरलेल्या एका हमालाच्या कंडरेत, ती वळसा घेऊन हाडाला चिकटते नेमक्या त्या जागी, मला काळा डाग दिसला आणि 'कंडरा तुटली' असा शेरा मी लिहून टाकला. माझ्या गुरूंनी काही न बोलता प्रोब, म्हणजे त्वचेवर टेकवून ध्वनी सोडणारा यंत्राचा भाग, अंगठ्याने जरासा कलता केला. डाग नाहीसा झाला. त्या माणसाची रोजी त्या खांद्यावर होती, हे स्मरून आजही मी कोणत्याही काळोखाची साक्ष, प्रोब चहूकडून कलवून उलटतपासणी केल्यावाचून, ग्राह्य धरीत नाही.

कोन हा या विद्येचा पेच, तर हालचाल हे तिचे सामर्थ्य. "इथे काहीतरी सटकतं" अशी कैफियत घेऊन आलेल्या रुग्णाला मी कोपर हळूहळू दुमडावयास सांगतो, आणि कोपरामागील नस (मज्जातंतू) हाडाचा उंचवटा ओलांडून पुढे घसरताना आम्ही दोघेही एकाच पडद्यावर पाहतो.

हीच ती नस, जी कुष्ठरोगात जाड होते. पूर्वीचे वैद्यकव्यवसायी ती केवळ बोटांनी चाचपून जोखीत, आणि ती बोटे मोठी जाणती होती. आज तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरांत मोजता येते, आणि डॉपलर लावल्यावर तिच्यात रक्तप्रवाहाचे रंग उमटले, तर आत दाह पेटलेला असण्याचा संभव असतो. असा रंग दिसला की अहवाल टंकलिखित होण्याची वाट न पाहता मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तत्क्षणी दूरध्वनी करतो. कारण औषध वेळेवर मिळाले तर त्या हाताची करंगळी वाकडी होण्यापासून वाचू शकते.