घसारा आणि शिल्लक

घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढला, तर मालमत्तेची पुस्तकी किंमत दरवर्षी कमी होते; पण ती कधीच पूर्ण शून्य होत नाही. ही रीत व्यापारी घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तरीही त्याच घरांच्या कपाटांत दोन-चार जुने मोबाईल शून्य किमतीचे म्हणून पडून असतात. पडदा शाबूत असतो, वाय-फाय चालते. बॅटरी दिवसभर पुरत नाही, एवढाच त्यांचा दोष. विकावे तर भाव येत नाही, टाकावे तर मन होत नाही.

दुसरीकडे जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत दिवे, पंखे, गीझर मोबाईलवरून चालू लागले आहेत. सोय मोठी आहे. पण सकाळी मुलगा दुकानी निघाला की घराची बटणेही त्याच्या खिशातून बाजारात जातात. मागे राहिलेल्या आजोबांना ओसरीवरचा दिवा लावायचा, तर नातवाला हाक मारावी लागते. ज्याने पै-पै साठवून घर बांधले, त्यालाच दिव्यासाठी विनवणी करावी लागणे शोभादायक नाही. घराचा कारभार घरातच राहायला हवा.

कपाटातला जुना मोबाईल येथे कामी येतो. दिवाणखान्यात, सर्वांचा हात पोहोचेल अशा उंचीवर तो भिंतीला बसवावा. दिव्यांच्या कंपनीचे अ‍ॅप तेवढे त्यात ठेवावे, अक्षरे मोठी करावीत आणि बटणांना ‘ओसरी’, ‘माडी’, ‘आजींची खोली’ अशी घरातली नावे द्यावीत. अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, एकच अ‍ॅप पडद्यावर पिन करून ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे चुकून दुसरीकडे बोट लागले तरी घोटाळा होत नाही.

मोबाईलने यंत्र चालवणे खान्देशाला नवे नाही. शेतीची वीज रात्री येते, तेव्हा केळीच्या बागेत अंधारात जाऊन मोटार चालू करणे हे जोखमीचे काम. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण याच अडचणीवर शोधले आणि २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत ते गौरवले गेले. शेतकऱ्याची रात्रीची पायपीट ज्या युक्तीने वाचली, तिनेच घरातल्या वृद्धांची अडचण दूर व्हावी, हे स्वाभाविक आहे.

मात्र काही पथ्ये पाळावीत. लिथियमची बॅटरी उष्णतेने आणि अखंड चार्जिंगने फुगते. आपल्याकडे तर वैशाखात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. म्हणून उन्हाने तापणारी भिंत आणि शेगडीची जवळीक टाळावी, चार्जर टायमरवर ठेवून रोज ठरावीक वेळच चालवावा. मोबाईलची पाठ उचललेली दिसली, तर तो तत्काळ काढावा. दोन हजार वॅटचा गीझर सुमारे नऊ अँपिअर वीज ओढतो. त्याला सहा अँपिअरचा स्मार्ट प्लग लावू नये, सोळा अँपिअरचाच घ्यावा.

व्यापाऱ्याच्या मोबाईलमध्ये खात्यांचे तपशील, ग्राहकांची देणी-घेणी, कधी पासवर्डही असतात. भिंतीवरचा मोबाईल पाहुणा, कारागीर, कोणीही हाताळू शकतो. म्हणून आधी सिमकार्ड व मेमरी कार्ड काढावे, जुन्या खात्यातून बाहेर पडावे, मग फॅक्टरी रीसेट करावे. बँकेचे किंवा यूपीआयचे अ‍ॅप त्यात पुन्हा घालू नये. कंपनीकडून सुरक्षेची अद्यतने थांबलेल्या मोबाईलवर दाराचे कुलूप किंवा तिजोरीजवळचा कॅमेरा सोपवू नये, दिवे-पंखे पुरेत.

आणखी एक गोष्ट. स्मार्ट बल्बचे भिंतीवरचे बटण बंद असेल, तर मोबाईलवरून तो लागत नाही. त्यापेक्षा स्विचबोर्डमागे बसणारा छोटा रिले बरा. जुने बटण आणि मोबाईल दोन्ही चालतात. इंटरनेट गेले तरी आजोबांचा दिवा अडत नाही. हे काम मात्र जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

असा मोबाईल आणखी दोन-तीन वर्षे सेवा देऊ शकतो. पुढे तो खरोखर थकला, तरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अधिकृत संकलन केंद्राकडेच तो द्यावा. त्याच्या सर्किटात अंशमात्र सोनेही असते, आणि सोन्याचा कणही वाया जाऊ नये हे सुवर्णनगरी जळगावला वेगळे सांगावे लागत नाही. तोपर्यंत कपाट उघडावे, एखादा मोबाईल पुसून घ्यावा आणि पहिले बटण घरातल्या ज्येष्ठांच्या खोलीचे जोडावे.