चिंतामणला उतरायचं होतं

"या खेपेला छोट्या लाइननं जाऊ या का गं?" सासूबाई दरवर्षी चैत्रात विचारायच्या, आणि दरवर्षी मी नाही म्हणायची.

त्यांचं माहेर उज्जैनचं. लग्न होऊन त्या 1956 साली इंदूरच्या छत्रीबागेतल्या या घरात आल्या, तेव्हा इंदूर-उज्जैन रेल्वेचा रस्ता एकच होता, छोट्या लाइनचा, फतेहाबादवरून. देवासवरून जाणारी मोठी लाइन 1960च्या दशकात आली. मी 1986 साली सून म्हणून आले तेव्हा दोन्ही चालू होत्या, आणि घरातल्या प्रत्येक प्रवासाचं नियोजन हळूहळू माझ्याकडे आलं. यांना त्यात रस नव्हता. मी शाळेत इतिहास शिकवत होते, तारखा आणि आकडे डोक्यात पक्के बसायचे, आणि स्टेशनवर मिळणारं वेळापत्रकाचं पुस्तक मी दरवर्षी नेमानं विकत घ्यायची. कोणती गाडी किती वाजता, कुठे थांबते, कुठे क्रॉसिंग होतं, हे मला तोंडपाठ असे. त्याचा मला अभिमान होता. नातेवाईक निघण्याआधी मला विचारायचे.

चैत्रातल्या बुधवारी उज्जैनजवळच्या चिंतामण गणेशाची जत्रा असते. सासूबाईंचा तिथला नेम होता. छोट्या लाइनवर उज्जैनच्या अलीकडे चिंतामण गणेश नावाचं स्टेशनच आहे. "उतरलं की देऊळ," त्या म्हणायच्या. मी मात्र त्यांना देवासवरून उज्जैनला नेत असे आणि तिथून टांग्यानं किंवा टेंपोनं उलट चिंतामणला आणत असे.

मी असं का करत होते, ते नीट सांगायला हवं, कारण माझा हिशेब वरवर अगदी बरोबर होता. देवासचा रस्ता सुमारे 80 किलोमीटरचा आणि फतेहाबादचा 63चा. म्हणजे लांबीनं छोटी लाइन जवळची. पण ती मीटर गेज, गाड्या धिम्या, शिवाय आम्हाला बहुतेक वेळा फतेहाबादला गाडी बदलावी लागे. कारण ती लाइन मुळात उज्जैनसाठी घातलेलीच नव्हती. शाळेत मी हे मोठ्या उत्साहानं सांगायची: दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी कर्जाऊ दिले, आणि पुढे इंदूरहून नीमचकडे जाणाऱ्या लाइनसाठी ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंद्यांनी 75 लाख दिले. म्हणून तिचं नाव सिंदिया-नीमच रेल्वे. मुख्य रस्ता इंदूर-फतेहाबाद-रतलाम-नीमच असा, आणि उज्जैनला फतेहाबादहून फुटलेला तेवीसेक किलोमीटरचा फाटा. शिंद्यांच्या पैशानं घातलेल्या लाइनवर शिंद्यांचंच उज्जैन फाट्यावर राहिलं, ही गोष्ट वर्गातल्या मुलांना फार आवडायची.

तेव्हा माझा निर्णय ठरलेला: मोठी लाइन, गाडी न बदलता, तासाच्या हिशेबात वाचलेली वीस-पंचवीस मिनिटं. सासूबाईंचा आग्रह मला निव्वळ जुन्या आठवणींचा वाटायचा. नवी नवरी याच लाइननं आली, फतेहाबादला उतरून पानाच्या द्रोणात गुलाबजाम खाल्ले, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत. फतेहाबादचे गुलाबजाम इकडे सगळ्यांना ठाऊक आहेत. मी एकदा म्हणालेसुद्धा, "आई, गुलाबजाम सराफ्यात मिळतात, त्यासाठी एवढी वाकडी वाट कशाला?" त्या हसल्या नाहीत. "बरं, तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाल्या. त्यांचं ते वाक्य मी तेव्हा होकार म्हणून ऐकलं.

1998चा चैत्रातला बुधवार मला सविस्तर आठवतो. लेक तेव्हा दहा वर्षांची होती, ती बरोबर होती. लक्ष्मीबाईनगर सोडलं की दोन्ही लाइन वेगळ्या होतात. तिथे सासूबाई खिडकीतून फतेहाबादकडे वळणाऱ्या रुळांकडे बघत राहिल्या. मग मांगलिया, बरलई, देवासची टेकडी, सगळं वेळेवर. गाडी उज्जैनला लागली तीही वेळेवर. मी हातातली पिशवी सांभाळत पुलाकडे निघाले आणि मागे वळून पाहिलं तर सासूबाई जिन्याच्या पायथ्याशी बाकावर बसलेल्या. "गर्दी जाऊ दे जरा," त्या म्हणाल्या. गर्दी गेली. त्या उठल्या नाहीत. "अजून जरा." मी घड्याळ बघत होते. देवळात रांग वाढणार, परतीची गाडी ठरलेली. वीस मिनिटांनी त्या उठल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. मी पुढे जाऊन वर उभी राहिले. वरून हाक मारली, "आई, चला ना लवकर." ती हाक मला आजही ऐकू येते.

घरी आल्यावर मी वहीत लिहिलं: इंदूर ते उज्जैन, एवढी मिनिटं. बाकावरची वीस मिनिटं मी त्यात धरली नाहीत. त्या मिनिटांना माझ्या वहीत रकानाच नव्हता.

त्यानंतरही आम्ही तसंच जात राहिलो. पुढे पुढे सासूबाईंनी विचारणंच सोडलं, आणि मग जाणंही. "आता घरातूनच नमस्कार करते," असं म्हणून चैत्रात त्या सकाळी छत्रीबागेतल्या व्यंकटेशाच्या देवळात जायच्या, तेही सपाट रस्त्यानं, होळकरांच्या छत्र्यांच्या भिंतीला लागून सावकाश. वय झालं, असं मी धरून चालले. 2014च्या सुरुवातीला फतेहाबाद-उज्जैन छोटी लाइन ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली. पेपरमध्ये बातमी आली ती मी त्यांना वाचून दाखवली. "म्हणजे आता नाहीच," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "होईल ना परत, मोठी होईल, जलद होईल." त्यांना धीर द्यायचा म्हणून म्हटलं, पण डोक्यात तेव्हाही वेगच होता. 2016 साली त्या गेल्या.

पुढची चूक लहान आहे, पण ती वगळली तर हे लिहिणं अर्धवट राहील. 15 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधानांनी भोपाळहून उज्जैन-फतेहाबाद ब्रॉडगेज लाइनचं लोकार्पण केलं आणि उज्जैन-इंदूर मेमू गाड्यांना झेंडा दाखवला. मला मनापासून आनंद झाला. सासूबाईंची लाइन परत आली, आणि आता ती जवळचीही होती आणि विजेवरचीही. मी गल्लीत सगळ्यांना फतेहाबादवरूनच जा म्हणून सांगत सुटले. शेजारच्या एका बाईंनी माझ्या शब्दावर आपल्या वयस्कर वडिलांना त्या गाडीनं महाकालाला नेलं. जाणं छान झालं. परतीला मात्र त्या लाइनवर दुपारनंतर त्यांच्या वेळेला गाडीच नव्हती, आणि ते दोघं रात्री बसनं उभ्यानं परतले. मी जाण्याचा रस्ता सांगितला होता, येण्याचा विचारच केला नव्हता. त्यांच्या वडिलांचे पाय सुजले होते. मी माफी मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "अहो, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलंत." हे ऐकून मला अधिकच वाईट वाटलं, कारण सासूबाईंच्या बाबतीतही मी चांगल्यासाठीच करत होते.

2023च्या शरदात आम्ही जपानला लेकीकडे गेलो. ती आणि जावई ओसाकाला असतात, उमेदाच्या भागात. ओसाका आणि कोबे ही शेजारशेजारची शहरं, अंतर सुमारे तीस किलोमीटर, इंदूर-उज्जैनच्या निम्म्यानं कमी. आणि रस्ते चार! जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची, लाइन आहे. तिचा हा टप्पा 1874 सालचा, म्हणजे आमच्या होळकर रेल्वेचाच काळ. हांक्यू आणि हान्शिन या दोन खासगी कंपन्यांच्या लाइन जवळजवळ समांतर जातात. शिवाय शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन. हे कळलं आणि मी पुन्हा हरखून गेले. जुनी सवय जागी झाली.

लेक कामावरून थेट कोबेला येणार होती. तिनं सांगितलं, "आई, हांक्यूनं या. सान्नोमियाला उतरा, मी तिथे आहे." मी फोनवर वेळा बघितल्या. हांक्यूला सत्तावीसेक मिनिटं, जेआरच्या जलद गाडीला एकवीस-बावीस, आणि शिनकान्सेनला शिन-ओसाका ते शिन-कोबे फक्त तेरा. मी म्हटलं, तेराच मिनिटं! एवढी सगळीकडे गाजलेली गाडी, एकदा बसूही. लेकीला न सांगता मी ठरवलं, आणि हे नेहमीप्रमाणे माझ्यामागून आले.

शिनकान्सेन ओसाका स्टेशनवरून सुटत नाही, शिन-ओसाकावरून सुटते. तिथे आधी दुसऱ्या गाडीनं जायचं, मग लांब चालायचं, वर चढायचं, तिकिटाला कितीतरी जास्त पैसे मोजायचे. कोबेला उतरलो तर ते शिन-कोबे, डोंगराच्या पायथ्याशी. सान्नोमियाला जायला तिथून खाली खोल उतरून भुयारी रेल्वेचं एक स्टेशन. लिफ्ट असणारच, पण घाईत मला सापडली नाही, आणि मी जिन्यानं उतरले. वर्षभरापासून माझा उजवा गुडघा दुखत होता. मधल्या वळणावर मी कठडा धरून थांबले. लोक दोन्ही बाजूंनी जात होते. यांना मी म्हणाले, "गर्दी जाऊ दे जरा."

बोलून झालं आणि मीच गप्प झाले. हे वाक्य माझं नव्हतं.

सान्नोमियाला लेक तासभर उभी होती. किटानोच्या चढावरचं जैन मंदिर ती आम्हाला दाखवणार होती. 1985 सालचं ते देऊळ बघून या, फोटो आणा, असं छत्रीबागेतल्या शेजाऱ्यांनी आवर्जून सांगितलं होतं. ते राहून गेलं. आम्ही नुसते एका बाकावर बसलो. मी तिला विचारलं, "तू हांक्यू का सांगितलंस? जेआर तर जलद आहे." ती म्हणाली, "हांक्यूची गाडी उमेदाहूनच सुटते ना. रिकामी लागते, बसायला जागा मिळते. जेआर लांबून येते, तुम्ही दोघं उभे राहिला असता." मग तिनं फोनवर तिथलं ॲप दाखवलं. त्यात कुठलाही मार्ग शोधला की वेगवान, स्वस्त आणि सोपा असे तीन शिक्के वेगवेगळ्या रस्त्यांवर येतात. सर्वांत चांगला असा एक रस्ता ते ॲप सांगतच नाही. मी इतकी वर्षं एकच शिक्का बघत होते.

तेवढ्यात ती सहज म्हणाली, "आजी पण अशीच बसायची की उज्जैनला, पुलाखाली."

मी विचारलं, "तुला आठवतं?"

"आठवतं म्हणजे? मी होते ना तिच्याजवळ. तू वर होतीस. ती म्हणाली, माझे गुडघे हा पूल चढायला नको म्हणतात गं. चिंतामणला छोटा फलाट आहे, तिथे पूल नाही. पण आईला सांगू नकोस, ती बिचारी सगळं किती विचार करून ठरवते."

पंचवीस वर्षं हे लेकीपाशी होतं. तिला वाटलं मला ठाऊक असेल. सासूबाईंनी गुलाबजाम सांगितले, नव्या नवरीच्या आठवणी सांगितल्या, गुडघे सांगितले नाहीत. मला त्यांची सोय विचारता आली असती. एकदा, कुठल्याही चैत्रात. "आई, तुम्हाला त्याच लाइननं का जायचंय?" एवढं विचारायला वेळापत्रक लागत नव्हतं. पण उत्तर मला आधीच ठाऊक आहे, असं मी समजत होते, आणि जिचं उत्तर तयार असतं तिला कुणी आपलं दुखणं सांगत नाही. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या माझ्या कष्टांची काळजी करत होत्या.

2024च्या चैत्रात, बुधवारी, आम्ही दोघं फतेहाबादच्या गाडीनं निघालो. लक्ष्मीबाईनगरनंतर गाडी सासूबाईंच्या बाजूला वळली. पालिया, बालौदा टाकून, अजनोद. गव्हाची शेतं कापून झाली होती. फतेहाबादला यांनी खाली उतरून गुलाबजाम आणले. हे गाव धरमतच्या लढाईनंतर वसलं, 1658 साली औरंगजेबानं जसवंतसिंहाला हरवलं त्या फत्तेचं नाव त्याला मिळालं, असं मी यांना सांगायला लागले आणि मध्येच थांबले. ते खात होते. मीही खाल्ला. गरम होता.

चिंतामणला उतरलो. दर्शन झालं. एक नारळ सासूबाईंच्या नावानं ठेवला. बाहेर सावलीत बसल्यावर परतीचा प्रश्न आला. उज्जैनला जाऊन देवासवरून गेलो तर लवकर पोचलो असतो, गाड्याही जास्त. कागद माझ्या पर्समध्ये होता. तो न काढता मी यांना विचारलं, "उज्जैनला पुलावरून जावं लागेल. तुम्हाला चढवेल?"

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही चढवणार. दोन वर्षं झाली."

आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. आम्ही चिंतामणच्या फलाटावर येऊन बसलो, आणि त्या लाइनच्या गाडीची वाट बघत संध्याकाळपर्यंत बसून राहिलो.