आक्कास, गोलाईवरून

लातूर, शुक्रवार

ती. आक्का,


गोलाई जागेवर आहे. मी मुरुडहून निघताना ‘आधी तेवढंच कळव’ म्हणाली होतीस, म्हणून बाकीचं सगळं मागे ठेवून ते पहिल्यांदा लिहिते.

आपण लहानपणी दादांचं बोट धरून इथे यायचो तेव्हा ही इमारत आपल्याला फक्त मोठी वाटायची. आज पूर्ण फेरी मारली तेव्हा तिची आखणी नीट कळली. मधोमध अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल बांधकाम आणि तिथून फुटलेले सोळा रस्ते. १९१७ साली फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने हे आखलं. दिल्लीचं कॅनॉट प्लेस बांधायला घेतलं ते १९२९ साली, म्हणजे आपली गोलाई त्याच्याहून बारा वर्षांनी थोरली. पॅरिसच्या विजयकमानीपाशीसुद्धा बाराच रस्ते येऊन मिळतात. लातूर तेव्हा जिल्ह्याचं ठिकाणही नव्हतं. निजामाच्या राज्यातली एक पेठ, आणि तिच्यासाठी कुणी एवढा विचार केला, याचं मला दिवसभर भरून येत होतं.

तो विचार अजून चालतो, हे विशेष. कापड लाईन, भुसार लाईन, सराफ लाईन अशी ज्या त्या धंद्याची जागा ठरलेली, त्यामुळे बाहेरगावचा माणूस चुकत नाही. गाड्या कुठूनही आत आल्या तरी फेरी घेऊन दुसऱ्या रस्त्याने बाहेर पडतात. धान्याचे सौदे आता मार्केट यार्डात होतात. पोटली सौदा आठवतो ना? मूठभर तूर फडक्यात बांधून आणायची, त्या वानगीवर सगळ्या मालाचा भाव फुटायचा. दादा पोटली सोडताना दाणा आधी दाताखाली धरायचे.

सगळंच शाबूत आहे असं मात्र समजू नकोस. पाट्यांनी दर्शनी बाजू एवढी झाकली आहे की मूळ भिंत पाहायला मान वाकडी करून फट शोधावी लागते. मागच्या गल्ल्यांतले वाडे तर भराभर गेले. वाटण्या झाल्या, एका वाड्याचे चार गाळे झाले, गाळ्यांवर स्लॅब पडले. एका बोळात फळ्यांचं जुनं दुकान सापडलं. रात्री एकामागून एक सरकवून लावायच्या त्या सागवानी फळ्या. प्रत्येकीवर आकडा कोरलेला, वर उर्दूत आणि खाली मराठीत. सातवी फळी गहाळ आहे, तिथे पत्रा ठोकलाय. मालक म्हणाला, आजोबांना दोन्ही आकडे वाचता यायचे, मला खालचेच येतात. मी प्रत्येक फळीचा फोटो घेतला.

नॅरोगेजचं स्टेशनही गेलं. आपल्या मुरुडवरून जाणारी बार्शी लाईटची गाडी १९११ साली लातूरपर्यंत आली आणि सहा वर्षांत गोलाई उभी राहिली. माझ्या मते गोलाई ही त्या गाडीचीच लेक. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रूळ निवडले, खर्च कमी आला, म्हणून तर येडशी, ढोकी, मुरुड अशा गावांना रेल्वे मिळाली. २००८ पर्यंत तिचं ब्रॉडगेज झालं. ते व्हायलाच हवं होतं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली ती याच ब्रॉडगेजवरून. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. पण जुन्या स्टेशनाची एखादी खोली, एखादा डबा तरी गावात ठेवायला हवा होता. तो ठेवला असता तर आजच्या पोरांना गोलाई इथेच का झाली, हे दाखवून सांगता आलं असतं.

किल्लारी, रविवार

ती. आक्का,

इथे यायचं मनात नव्हतं, तरी आले. वाडे का गेले याचं निम्मं उत्तर इथे आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा तो भूकंप. गणपती विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते. जुन्या गावाच्या जागी आता गवत आणि दगड. मध्येच एखादी जोत्याची ओळ दिसते, तिच्यावरून उंबरा कुठे असेल ते कळतं. मी फार वेळ थांबले नाही. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, सुटी घरं. माणसं जगली, हे त्यापुढे सगळ्यात मोठं.

आपल्याकडच्या घरांबद्दलचा विश्वास मात्र त्या पहाटे उडाला, आणि तो मुरुडपर्यंत, लातूरपर्यंत उडाला. पुढच्या काळात माळवद म्हटलं की लोक ‘पाडा’ म्हणू लागले. भीती खरीच होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांची आतली आणि बाहेरची फळी एकमेकींना बांधलेली नाही, आणि डोक्यावर वर्षानुवर्षं गळतीसाठी टाकत गेलेली माती. दर पावसाळ्याआधी आपणही टाकायचो की. त्या मातीच्या वजनाने घात केला. पण लाकडाच्या खणांचे सांगाडे पुष्कळ ठिकाणी उभे राहिले, भिंती तेवढ्या ढासळल्या. भूकंपानंतर इंजिनिअरांनी सांगितलेले उपाय साधे होते: वरची माती कमी करा, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरके आधार द्या, भिंतीत आरपार जोडदगड घाला. हे लोकांपर्यंत जेवढं पोचायला हवं होतं तेवढं पोचलं नाही, असं मला वाटतं. सिमेंट मात्र सगळीकडे पोचलं. धडपणे दुरुस्त होणारे कितीतरी वाडे त्या ओघात गेले, आणि उन्हाळ्यात दुपारी अंग टाकायला गार जागा गेली ती वेगळीच.

नांदेड, बुधवार

ती. आक्का,

सचखंड गुरुद्वाऱ्यात दर्शन झालं, तुझ्या नावाने माथा टेकवला. गुरु गोविंदसिंग १७०८ साली इथेच गेले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतली. पंजाबचा राजा, गोदावरीकाठचं काम. २००८ साली गुरु-ता-गद्दीला तीनशे वर्षं झाली तेव्हा भोवतालचा भाग मोकळा करून रुंद केला गेला. भाविकांची सोय झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण देवळाला टेकून असलेली गल्ली गेली की देऊळ मैदानात एकटं पडतं, ही रुखरुख माझ्या मनातून जाईना. गोलाईत अंबाबाईला कधी एकटं वाटत नसेल. तिच्या पायऱ्यांपासून बाजार सुरू होतो.

गाडीपुरा, होळी या जुन्या भागांतून हिंडले. दोन-चार वाडे अजून तग धरून आहेत, कोरीव तुळया आणि आतला चौक पाहायला मिळाला. उस्मानशाही मिलकडे गेले, पण जिच्या भोंग्यावर हे शहर उठायचं ती गिरणी केव्हाच बंद झाली आहे. नंदगिरी किल्ल्यावरून संध्याकाळी नदी पाहिली.

आता कामाचं. भाऊ दिवाळीनंतर आपलं मुरुडचं घर पाडायचं म्हणतोय. त्याला म्हणावं, मी येईपर्यंत थांब. तोवर सुताराला बोलावून सगळ्या खणांची मापं घेऊन ठेव, आणि माळवदावर माती किती हात चढली आहे ते कोपऱ्यात खणून पाहा. एका हाताच्या वर असेल तर ती आधी उतरवायची, मग पुढचं बोलू. लातूरला एक इंजिनिअर भेटलेत, येऊन पाहतो म्हणालेत. मी शनिवारी त्यांना घेऊनच येते, चार माणसांचा स्वयंपाक ठेव.

तुझी,
सुमन