तापट हुलगा

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या घरी थंडीत मुक्कामाला जाणार असाल, तर तिथल्या एका गृहस्थाची ओळख आधीच करून दिलेली बरी. नाव हुलगा. अंगानं चपटा, कातडीनं निबर. रंग तांबूस, करडा, मधूनच काळा. मूठभर हातात घेतला तर चुलतभावांनी भरलेला वाडा वाटावा. मुगाची कांती नाही, हरभऱ्याचं नाक नाही. उन्हाळाभर फळीवरच्या अगदी मागच्या डब्यात गप पडून असतो. दिवाळी सरते, बालाघाटाच्या डोंगरावरून गार वारा सुटतो, घरात कुणीतरी पहिली शिंक देतं आणि आजीचा हात त्या मागच्या डब्याकडे जातो. तिथून संक्रांतीपर्यंत चूल याच्या ताब्यात.

एकटा मात्र तो कधी येत नाही, सोबत खडे आणतो. रान मुरमाड, खळंही मुरमाचं, आणि खडे नेमके त्याच्याच मापाचे, त्याच्याच रंगाचे. म्हणून हुलगे निवडणं हे निवांत दुपारचं, चांगल्या उजेडातलं काम. सूप मांडीवर घ्यायचं, चिमूट-चिमूट पुढे ओढायची. डोळ्याला कळला नाही तर खडा दाताला कळतो. आणि गावोगाव याची ख्याती काय, तर मुतखडा पाडणारा! सकाळी उपाशीपोटी कढण प्यायला सांगणारा एक तरी जाणता प्रत्येक आळीत भेटतो. दुखणं असेल तर डॉक्टरला दाखवावं हे खरंच; पण जो स्वतः खड्यांशिवाय घराबाहेर पडत नाही त्याच्याकडेच खडे काढायचं काम लोकांनी सोपवलं, यातून त्याच्यावरचा जुना विश्वास दिसतो.

तापटपणा हा जन्मगुण. चरकसंहितेनं कुलत्थाला, म्हणजे याच हुलग्याला, उष्ण आणि तुरट म्हटलंय, खोकला, उचकी, दमा यांत हितकर सांगितलंय. म्हणजे वैद्यांना त्याचा स्वभाव फार जुना ठाऊक. वैशाखात कुणी त्याला चुलीवर चढवला तर घरातली म्हातारी ओरडते, "आगं, उन्हाळ्यात हुलगा? घोळणा फुटंल की पोराचा!" पित्ताच्या माणसाशी तर त्याचं कधीच जमत नाही. घशाशी येऊन रात्रभर भांडत बसतो. पण जानेवारीत रातीच्या लाईटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला माणूस पहाटे घरी येतो, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गारठलेले, बोटं वळत नाहीत. त्याच्या हातात माडग्याची वाटी दिली की दुसऱ्या घोटाला कानाच्या पाळ्या गरम होतात, तिसऱ्याला नाक मोकळं होतं, आणि मग तो बोलायला लागतो. तोवर त्याला कुणी काही विचारत नाही.

माडगं म्हणजे भाजलेल्या हुलग्याच्या पिठाचं पातळ, पिण्याजोगं गरम पेय. सोपं वाटतं. पण हुलग्याला राजी करणं ही कला आहे, आणि तिची सुरुवात भाजण्यापासून होते. कोरड्या लोखंडी कढईत, मंद जाळावर, हात न थांबवता. तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांनी थापटणं हातात घेऊन जमलेल्या संतांत कच्चं मडकं कोणतं ते ओळखलं, ही कथा आमच्या जिल्ह्यात लहान पोरांनाही माहीत असते. हुलगा भाजणारीला तेच करावं लागतं, थापटण्याशिवाय. कानानं तडतड ऐकायची, नाकानं खमंग वास हेरायचा, शेवटी एक दाणा दाताखाली फोडून बघायचा. कच्चा राहिला तर पिठाला उग्र वास येतो आणि पोटात वारा धरतो. दोन मिनिटं जास्त झाली तर असा कडू होतो, की गूळ घातला तरी समजूत पटत नाही. मग जात्यावर भरडायचा, फोलपट पाखडून काढायचं, डाळीचं पीठ करायचं. जातं आता बहुतेक घरांत कोपऱ्यात उभं असतं आणि दळण गिरणीत जातं. तिथेही याची अट असते. हुलग्याचा वास पाळ्याला धरून राहतो, म्हणून याच्यामागं गव्हाचा डबा लावायला कुणी तयार नसतं. सगळ्यांची दळणं होऊ द्यायची, मग याचा नंबर.

खरा राग दिसतो तो पातेल्यात. तेलात जिरं, ठेचलेला लसूण भरपूर, हिरवी मिरची किंवा लाल तिखट, हळद. त्यावर पाणी ओतून आधण आणायचं. पीठ वेगळं गार पाण्यात कालवायचं आणि बारीक धारेनं सोडत दुसऱ्या हातानं पळी फिरवत राहायची. इथे घाई केली, कोरडंच पीठ उकळत्या पाण्यात टाकलं, की तो गुठळ्या धरून बसतो. मग रवीनं घुसळा नाहीतर चाळणीतून काढा, त्या गुठळ्या मन मोकळं करत नाहीत. उकळी फुटली की फेस धरतो आणि दुधासारखा गुपचूप नव्हे, चांगला फसफसत उतू जातो. जरा आटला की रटरट उडतो, हातावर चटका देतो. माडगं चुलीवर असताना शेजारीण दारात आली तरी बाई जागची हलत नाही. "ये की आत, हितंच बस, हे उतू जाईल," म्हणत गप्पा चुलीपाशीच होतात. मला वाटतं, याच्या या हट्टामुळेच थंडीच्या संध्याकाळी सगळं घर स्वयंपाकघरात गोळा होत आलंय.

झाल्यावर ताबडतोब प्यावं ही दुसरी अट. पाच मिनिटं दुर्लक्ष केलं की वर साय धरतो, अर्ध्या तासानं पळी उभी राहील इतका घट्ट. उशिरा आलेल्यासाठी सारखा करायचा तर गरमच पाणी लागतं. गार पाणी घातलं की चव पाणचट होते आणि पीठ तळाशी जाऊन बसतं. चमच्यानं खाणं त्याला रुचत नाही. वाटी किंवा पितळी दोन्ही हातांत धरून, फुंकर मारत, आवाज करत प्यावा. ज्याला भूक असेल त्यानं ज्वारीची भाकरी कुस्करावी, वर तुपाचा थेंब. लेकरांसाठी त्याचं गोड रूपही आहे. लसूण-मिरची वगळून गूळ, सुंठ आणि चिमूटभर मीठ. तापट आजोबा नातवासाठी आवाज मऊ करतात ना, अगदी तसं.

घराण्याचा अभिमान मात्र जबरदस्त, आणि तो खोटा नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या घरांत हुलगा सापडला. टोमॅटो, मिरची, बटाटा ही मंडळी समुद्र ओलांडून येण्याच्या कितीतरी आधी हा इथल्या चुलीवर होता. नातेवाईकही दूरवर. कोकणात त्याला कुळीथ म्हणतात आणि त्याची पिठी भाताशी जाते. उमरग्याच्या पुढे कर्नाटकात शिरलं की तो हुरुळी होतो. तेलुगू मुलखात उलवलू. धाराशिव १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, म्हणजे हैदराबाद ही आमची एके काळची राजधानी. तिथे याचा चुलतभाऊ उलवचारू हॉटेलात बिर्याणीच्या शेजारी बसतो, डोक्यावर साईचा तुरा खोवून. गावाकडच्या हुलग्याला ते कळलं तर तो नक्कीच फुरंगटून बसेल. साय त्यालाही येते. फक्त त्याच्याकडे ती लोक बोटानं बाजूला करतात.

एक घाव त्याच्या मनावर जुना आहे. घोड्याचं खाणं, बैलाचं खाणं, असं त्याला तोंडावर म्हटलं जातं. इंग्रजांनी तर नावातच घोडा घातला. भरडा शिजवून कामाच्या बैलांना घालत हे खरं, पण त्यात लाज कसली? औताच्या बैलाला जे बळ लागतं तेच औतामागच्या माणसाला लागतं. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. गरिबाचं म्हणून ज्याला मागच्या डब्यात ठेवलं, तो मटणाला दबून राहायचं कारण नाही.

तसं मटणाशी त्याचं वैर आहेच. आमच्या जिल्ह्याचं जुनं नाव देशभर नेलं ते उस्मानाबादी शेळीनं. काळीभोर, लांब कानांची, जुळी देणारी. थंडीत रविवारी तिच्या पायांचा रस्सा उकळायला लागला की हुलग्याकडे कुणी बघत नाही. तो वाट बघतो. पौष लागतो, तुळजापुरात शाकंभरी नवरात्र बसतं, पुष्कळ घरांतली मटणाची पातेली पालथी पडतात, आणि याचं राज्य सुरू होतं.

आंबिलीवर त्याचा सगळ्यात मोठा राग. वेळामावस, म्हणजे आमची येळवस, हा धाराशिव-लातूरकडचा रानातला सण. मार्गशीर्षातली अमावास्या, ज्वारी कमरेच्या वर आलेली, कडब्याची कोप, आत पांडवांची पूजा. भज्जी, उंडे, खीर, आणि सगळ्यांत मानाची आंबील. ताक आणि ज्वारीच्या पिठाची, लसणाची, गार. ती मडक्यात बसून डोक्यावरून मिरवत रानात जाते. ऐन थंडीत गार पेयाला एवढा मान! हुलगा त्या दिवशी घरीच. पण संध्याकाळ होते, दिवसभर आंबील रिचवलेली मंडळी बैलगाडीतून, मोटारसायकलवरून परततात, वाटेत दव पडायला लागतं, लेकरं कुडकुडतात, कुणाचा घसा धरलेला असतो. घरात शिरताच पहिलं वाक्य, "आई, जरा माडगं कर की." हा चुलीवर चढतो आणि त्या रात्री जरा जास्तच जोरानं उकळतो.

शेंगोळ्यांत मात्र त्याचा तो सारा ताठा विरघळतो. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ, लसूण, तिखट, मीठ. घट्ट मळून तळहातावर वळायचं, बोटाएवढं, शेंगेसारखं, नाहीतर टोकं जुळवून कडी. हे एकटीचं काम नाही. सासू वळते, सून वळते, पोरं परातीभोवती बसून साप, बैल, चप्पल असलं काहीबाही वळतात, आणि तेही सगळं लसणाच्या उकळत्या पाण्यात जातं. शेंगोळे शिजताना अंगचं पीठ पाण्याला देतात. वेगळं काही न लावता रस्सा दाटतो. पंगतीला पोरं आपापला साप शोधत बसतात.

आता त्याच्या रानाचं सांगतो, कारण तिथे मला त्याची खरी काळजी वाटते. हुलगा हलक्या, माळाच्या जमिनीचं पीक. पाऊस लांबला, मृग कोरडा गेला, बाकीची पेरणी हुकली, की शेवटी याला हाक. थोड्या ओलीवर तग धरतो, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो, खत-फवारणीचे लाड मागत नाही. दुष्काळ ज्याच्या पाचवीला पुजलाय त्या जिल्ह्याला याहून भला सोबती कुठे मिळणार? पण खरिपात सगळीकडे सोयाबीन झालंय. सोयाबीन बाजारात रोख पैसे देतं, त्याला नावं ठेवून चालत नाही. हुलगा बांधाकडेला, एखाद्या माळाच्या तुकड्यावर, घरापुरता उरलाय. पुष्कळ घरांत आता तो दुकानातून येतो, खड्यांशिवाय, चकचकीत पिशवीत.

आणि हिवाळ्यातल्या लग्नांत हॉलच्या दाराशी सूपचं टेबल असतं. कागदी कपात लालभडक टोमॅटो सूप, कॉर्नफ्लोअरनं दाटवलेलं, वर दोन तळलेले पावाचे तुकडे. तिथे मोठ्या पातेल्यात माडगं का नसावं? उकळतं, लसणाचा घमघमाट सुटलेलं, पळी फिरवणारी एक जाणती बाई शेजारी. मी स्वतः रांगेत पहिला उभा राहीन. एका घरच्या लग्नात हळदीच्या रात्री आचाऱ्याला बाजूला सारून घरच्या बायकांनी असं पातेलं चढवलं होतं. मांडवात शेकोटीभोवती बसलेल्या सोयऱ्यांनी ते बघता बघता संपवलं, आणि नवरदेवाचा मामा मध्यरात्री पुन्हा वाटी घेऊन आला.

पातेलं रिकामं झालं म्हणजे हुलगा गेला असं मात्र समजू नका. पाहुणा उठतो, निजानीज होते, चूल विझते. सकाळी भांडं घासायला घ्यावं तर तळाशी खरवड होऊन हा बसलेलाच. पाणी घालून ठेवा, राखेनं घासा, तो सावकाश सुटतो. घरातलं धाकटं पोर भांडं घासण्याआधी उठलेलं असेल तर प्रश्नच नाही. ते उलथनं घेऊन पातेल्यात डोकं घालून बसलेलं असतं.