भिंतीवर आपटलेला बेडूक

राजकन्येने मुका घेतला आणि बेडकाचा राजपुत्र झाला, ही गोष्ट मराठी मुलांनाही ठाऊक असते. ग्रिम बंधूंच्या संग्रहातली ती पहिलीच कथा. पण त्या कथेत मुका नाहीच. राजकन्येचा सोन्याचा चेंडू पाण्यात पडतो, बेडूक तो काढून देतो आणि बदल्यात तिच्या ताटात जेवायचं, तिच्या बिछान्यात झोपायचं वचन घेतो. दिलेला शब्द पाळ, म्हणून राजा मुलीला दटावतो. ती नाक मुरडत बेडकाला ताटाशी बसवते, चिमटीत धरून खोलीत नेते. मला वर घे, नाहीतर बापाला सांगेन, अशी धमकी तो देतो तेव्हा मात्र तिचं डोकं फिरतं. ती त्याला उचलून भिंतीवर दाणकन आपटते. खाली पडतो तो राजपुत्र! लग्न जमतं ते रागामुळे आणि बापाची आज्ञा मोडल्यामुळे.

मुका मागाहून आला, चित्रपुस्तकांतून पसरला आणि पक्का बसला. परीकथांच्या अभ्यासात असे नमुने पावलोपावली भेटतात. ‘जुन्या कथा आहेत, त्यांत बायका तशाच असणार’ असं आपण सहज म्हणून जातो. माझं म्हणणं जवळजवळ उलटं आहे. गप्प, सोशिक, वाट बघणारी नायिका कथांइतकी जुनी नाही. बरीचशी ती संपादकांच्या टेबलावर घडलेली आहे, आणि कुठे घडली, कोणत्या साली घडली, हे छापील आवृत्त्या शेजारी ठेवून दाखवता येतं.

‘रपुंझेल’ घ्या. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली ही मुलगी एक दिवस आपल्या पालनकर्त्या परीला निरागसपणे विचारते की हल्ली माझे कपडे मला घट्ट का होताहेत? राजपुत्राच्या भेटी तिथेच उघड होतात. ‘मुलांसाठी आणि घरासाठी’ असं नाव मिरवणाऱ्या पुस्तकात हे असलं काही बरं दिसत नाही, अशी टीका झाली. मग विल्हेल्म ग्रिमने प्रश्नच बदलला. नंतरच्या आवृत्त्यांत ती विचारते की तुला वर ओढताना राजपुत्रापेक्षा जास्त जड का लागतं? शरीरात काय चाललंय हे न कळणारी अजाण मुलगी गेली आणि तिच्या जागी शुद्ध बावळट मुलगी आली. गंमत म्हणजे शेवटी होणारी जुळी मुलं काढायचं कुणाला सुचलं नाही. ती १८५७ च्या अखेरच्या आवृत्तीतही आहेत.

सावत्र आईचंही तेच. १८१२ च्या ‘हिमगौरी’त मुलीचा जीव घ्यायला निघालेली राणी तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायचा हट्ट धरणारी बाईही सख्खीच होती. ती १८४० मध्ये सावत्र झाली. बाळंतपणात बायका मरत त्या काळात सावत्र आया घरोघरी होत्या, हे खरंच. पण जर्मन मध्यमवर्गाला आई देव्हाऱ्यात बसवायची होती, म्हणून तिचा सगळा दुष्टपणा दुसऱ्या बाईच्या पदरात टाकला गेला. मुलांना जंगलात सोडायला राजी होणारा बाप मात्र शेवटपर्यंत बिचाराच राहतो, हेही पाहण्यासारखं आहे.

रूथ बॉटिगहायमर या अमेरिकी अभ्यासिकेने १९८७ साली ग्रिमच्या कथांत कोण किती बोलतं ते तपासलं. आवृत्तीगणिक चांगल्या मुलींच्या तोंडचे संवाद घटत गेलेले दिसले. जिथे सिंड्रेला स्वतः बोलत होती, तिथे निवेदकच ‘ती म्हणाली की’ करून पुढे सरकतो. पुरुष आणि चेटकिणी मात्र मनसोक्त बोलतात. आणि या कथा ग्रिम बंधूंना सांगितल्या कुणी? बऱ्याचशा बायकांनीच. कासेलजवळच्या खेड्यातली डोरोथेआ फीमान ही शिंप्याची बायको मळ्यातला माल विकायला शहरात येई आणि जाताजाता गोष्टी सांगून जाई. खानावळवाल्याची मुलगी, वाटसरूंच्या गोष्टी ऐकत वाढलेली. तिने तीसहून अधिक कथा दिल्या. १८१९ च्या आवृत्तीत तिचं चित्र छापलं गेलं. कथांवर नाव मात्र दोघा भावांचंच राहिलं.

आणखी मागे गेलं तर चित्र अधिकच वेगळं. नेपल्सच्या जांबात्तिस्ता बाझिलेचा संग्रह १६३४ ते १६३६ या काळात, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यातली सिंड्रेला, म्हणजे झेझोला, आपल्या पहिल्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचं झाकण पाडून तिचा खूनच करते. आदर्श म्हणून ही मुलगी कुणाला दाखवता येणार नाही, पण ती बिचारीही नाही.

१६९७ मध्ये पॅरिसमध्ये शार्ल पेरोचं पुस्तक आलं. काचेची चप्पल, भोपळ्याची गाडी, परी, आणि बहिणींना माफ करून त्यांची लग्नं लावून देणारी गोड सिंड्रेला ही त्याची देणगी. त्याच सुमारास मादाम दोल्नुआ यांच्या परीकथाही छापल्या जात होत्या. कोवळ्या वयात या बाईंचं लग्न तीसेक वर्षांनी मोठ्या बॅरनशी लावून दिलेलं, त्यामुळे लग्न म्हणजे सुखान्त यावर त्यांचा फारसा विश्वास नसावा. त्यांची सिंड्रेला फिनेट. ती राक्षसाला भट्टीत लोटते, राक्षसिणीचं मुंडकं उडवते आणि मग नाचाला जाते. चपलेवरून शोध लागतो, राजपुत्र लग्नाला तयार होतो. फिनेट अट घालते: माझ्या आईवडिलांचं तुम्ही बळकावलेलं राज्य आधी परत करा, मग लग्नाचं बोलू. १६९० च्या दशकातल्या फ्रान्समध्ये परीकथा लिहिणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या. पाठ्यपुस्तकांत आणि सिनेमांत पोहोचला तो पेरो.

लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट तर दोनदा हातची गेली. पेरोच्या कथेत लांडगा तिला खातो आणि कथा संपते. वर तरुण मुलींनी गोडबोल्या लांडग्यांपासून जपावं असा पद्यात उपदेश. ग्रिमनी शिकारी आणून तिला पोटातून बाहेर काढवलं. पण फ्रान्सच्या निव्हेर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंडी परंपरेतून नोंदलेल्या एका रूपात ती मुलगी लांडग्याला म्हणते, मला परसाकडे जायचंय. तो तिच्या पायाला दोरी बांधून बाहेर सोडतो. ती दोरी प्लमच्या झाडाला बांधते आणि घरी पळते. शिकाऱ्याची गरजच पडत नाही.

आता स्त्रीवादी वादाकडे. १९७० साली ॲलिसन ल्युरी या अमेरिकी लेखिकेने मांडलं की परीकथा बायकांच्या बाजूच्याच आहेत. त्यांत कर्त्यासवरत्या बायका आहेत आणि त्या सांगितल्याही बायकांनी. दोन वर्षांनी मार्शिया लीबरमन यांनी हे खोडून काढलं. कपाटाच्या तळाशी धूळ खात पडलेल्या कथांचा काय उपयोग? मुलींच्या कानावर पडतात त्या सिंड्रेला, हिमगौरी आणि झोपलेली राजकन्या. तिथे देखणी मुलगी सोसते आणि निवडली जाते, कुरूप ती दुष्टच, आणि सत्ता हाती असलेली बाई बहुधा चेटकीण. मला दोघींचंही पटतं. साठा श्रीमंत आहे. वाटप कंजूष झालं.

वाटप करणाऱ्यांत डिस्नी सगळ्यात मोठा. तिथला हिशेबही बघण्यासारखा आहे. कार्मेन फॉट आणि कॅरन आयझनहॉवर या भाषाशास्त्रज्ञांनी राजकन्यांच्या सिनेमांतले संवाद मोजले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये निम्मे संवाद बायकांचे, १९५० च्या ‘सिंड्रेला’त ६० टक्के, १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’त ७१ टक्के. १९८९ च्या ‘लिटल मर्मेड’मध्ये मात्र पुरुषांचे ६८ टक्के, ‘अलादीन’मध्ये ९०. चीन वाचवणाऱ्या मुलानच्या सिनेमातही ७७ टक्के बोलणं पुरुषांचं. नायिका धीट झाली, पण तिच्या आजूबाजूचे दुकानदार, सैनिक, मित्र, अगदी बोलका ड्रॅगनसुद्धा पुरुष. ‘फ्रोजन’मध्ये दोघी बहिणी नायिका असूनही पुरुषांचे संवाद ५९ टक्के भरले.

आपल्याकडच्या कथांचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. १८६८ साली लंडनमध्ये ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा भारतीय लोककथांचा इंग्रजी संग्रह निघाला. संग्राहक मेरी फ्रिअर, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी. १८६५-६६ च्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना तिने या कथा ऐकल्या त्या आपली आया, ॲना लिबेराता डिसूझा हिच्याकडून. ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकलेल्या. त्यांत सोदेवाबाईची कथा आहे. तिची रत्नजडित चप्पल डोंगरावरून घरंगळते, राजपुत्राच्या हाती लागते आणि लग्न होतं. पेरो इथे थांबला असता. ॲनाची कथा पुढे जाते: सवतीने सोदेवाबाईचा प्राण असलेला हार पळवला, त्यामुळे ती दिवसा मेलेली आणि रात्री जिवंत. लग्नानंतरच खरी संकटं सुरू होतात, हे आयाबायांना पेरोपेक्षा जास्त माहीत होतं. श्रावणातली शिवामुठीची कहाणी आठवा. तिथली नावडती सून सासरीच उष्टं खाते आणि जाडंभरडं नेसते. सुटका करायला कुणी राजपुत्र येत नाही. नवरा आधीच घरात आहे!

मग नव्याने सांगितलेल्या कथांचं काय? अँजेला कार्टरच्या १९७९ च्या ‘द ब्लडी चेंबर’मध्ये खुनी नवऱ्याच्या तावडीतून मुलीला सोडवायला जुन्या कथेतल्यासारखे भाऊ येत नाहीत, घोड्यावरून आई येते आणि गोळी घालते. लहानांसाठी रॉबर्ट मन्शची ‘द पेपर बॅग प्रिन्सेस’, १९८०. मन्श पाळणाघरात काम करत. दर वेळी राजपुत्रच का वाचवतो, असं त्यांच्या पत्नीने विचारलं आणि त्यातून ही गोष्ट झाली. ड्रॅगन राजवाडा उद्ध्वस्त करतो, राजपुत्र रोनाल्डला पळवतो. राजकन्या एलिझाबेथचे सगळे कपडे जळालेले, म्हणून ती कागदी पिशवी अंगात घालून निघते. तलवार नाही. ती ड्रॅगनची स्तुती करत सुटते. तो फुशारकीत जंगलामागून जंगल जाळतो, जगाला प्रदक्षिणा घालतो आणि दमून झोपतो. सुटलेला रोनाल्ड काय म्हणतो? तुझे केस विस्कटलेत, नीट कपडे घालून ये. त्यांचं लग्न होत नाही.

ऑस्ट्रेलियात ब्रॉनविन डेव्हिस यांनी बालवाडीतल्या मुलांना ही गोष्ट वाचून दाखवली आणि काय कळलं ते विचारलं. १९८९ च्या त्यांच्या पुस्तकात जे आहे ते आपल्या उत्साहावर पाणी टाकणारं आहे. बऱ्याच मुलांना नायक रोनाल्डच वाटला. एलिझाबेथने आधी अंघोळ करायला हवी होती, असं त्यांचं मत. मुलांच्या डोक्यात राजकन्येच्या गोष्टीचा साचा आधीच तयार होता. नवी गोष्ट त्या साच्यात ओतली गेली.

त्यामुळे राजकन्येच्या हाती तलवार दिली की झालं, असं समजणाऱ्या पुस्तकांबद्दल मला फार आशा नाही. त्यांत साचा तोच, फक्त मूर्तीचा पोशाख बदललेला. व्यवहार बदलणारी पुस्तकं वेगळी. रिबेका सोल्निटच्या २०१९ च्या ‘सिंड्रेला लिबरेटर’मध्ये सिंड्रेला केकचं दुकान काढते, राजपुत्र मित्र होतो आणि सावत्र बहिणींनाही आपापला मार्ग सापडतो. बहिणींना कुरूप आणि दुष्ट ठेवून सिंड्रेलाला मुक्त करता येत नाही, हे सोल्निटला कळलंय. अशा पुस्तकांचं वजन विरोधकांनाही कळतं. हंगेरीत २०२० मध्ये परीकथांच्या अशाच एका नव्या संग्रहाची पानं एका खासदार बाईंनी पत्रकारांसमोर यंत्रात घालून कापली. खप वाढला.

जुन्या कथा फेकून द्या असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलते, ती कुणाच्या स्त्रीवादाची वाट बघत थांबली नव्हती. सिंड्रेला वाचाच; पण तिच्या शेजारी फिनेट वाचा, सोदेवाबाई वाचा, आणि आजी अजून सांगत असेल तर श्रावणातली कहाणी तिच्याच तोंडून ऐकवा. एकाच गोष्टीची दोन रूपं ऐकलेलं मूल ‘मग खरं काय झालं?’ म्हणून भांडायला लागतं. दिवाळीत मुलांसाठी परीकथेचं पुस्तक घेणार असाल, तर दुकानात उभ्या उभ्या पाच पानं चाळा आणि नायिकेच्या तोंडी किती वाक्यं आहेत ती मोजा. एकही नसेल, तर पुस्तक परत ठेवा.