काही होत नाही रे!

तर मंडळी, झालं असं की शुक्रवार, ११ जुलै २०२५ ला संध्याकाळी आमचा रिलीज एकदाचा गेला. तीन आठवडे टीममधल्या कोणी सूर्य पाहिला नव्हता. पाऊस होता म्हणा, त्यामुळे सूर्यानेही आम्हाला मिस केलं नसणार. त्याच संध्याकाळी बातमी आली की शिवरायांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, आणि त्यात आपला लोहगड! मोबाईल टुणटुणायला लागले. अर्ध्या तासात ठरलं: उद्या मावळात. भाजे लेणी, विसापूर, पिठलं-भाकरी, लोहगड. रविवारी पुणे, पायी.

मंडळ चौघांचं. मी. बंड्या, म्हणजे माझा कॉलेजपासूनचा मित्र, आता कोथरूडकर आणि दोन मुलांचा बाप. आमच्या टीममधली टेस्टरबाई, जिला देवळात गेलं तरी घंटेत बग सापडतो. आणि फ्रेशर, वय २३, मला 'सर' म्हणतो, नको म्हणून सांगून थकलो. मी सवयीप्रमाणे रात्री एक्सेल शीट बनवली. ठिकाण, पोचायची वेळ, निघायची वेळ, खर्च. बंड्या म्हणाला, "लेका, तू तेराव्याला पण शीट बनवशील."

सकाळी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल. या लोकलवर एक वेगळा लेख होईल. खिडकीतून पिंपरी-चिंचवड संपत संपत हिरवं कधी सुरू होतं ते कळतच नाही. बेगडेवाडी स्टेशन आलं तशी डब्यातली बडबड जरा कमी झाली. इथून जवळच कुंडमळा. चारच आठवड्यांपूर्वी, १५ जूनच्या रविवारी, तिथला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला होता. चार जणांचे जीव गेले. एक मिनिट कोणी काही बोललं नाही. मग फ्रेशरने वेफर्सचं पाकीट फोडलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली.

मळवलीला उतरून एक्सप्रेसवे ओलांडला की चालत भाजे गाव. भातखाचरांत लावणी चालू होती. गावातून पायऱ्या चढून गेलात की समोर चैत्यगृह. पहिल्यांदा बघणारा माणूस गप्पच होतो. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं काम. एकूण २२ लेणी. चैत्यगृहाचे अष्टकोनी खांब किंचित आत कललेले, कारण कोरणाऱ्यांच्या डोक्यात लाकडी इमारतीचं डिझाईन होतं आणि त्यांनी ते जसंच्या तसं दगडात पोर्ट केलं. (लेगसी कोड म्हणजे काय हे फ्रेशरला इथे नीट समजलं.) छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या आहेत, त्या मूळच्या. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड! आमच्या सोसायटीचं दार दोन पावसाळ्यांत फुगलं. पुढे चौदा स्तूपांचा समूह, आणि टोकाच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र. तबल्यासारखं वाद्य वाजवणारी एक बाईही कोरलेली आहे, ती शोधायला थोडा वेळ लागतो.

मला मात्र दरवेळी आवडतं ते इथलं पाण्याचं टाकं. त्यावर शिलालेख आहे, की हे टाकं महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त याचं दान. एवढंच. राजाने सोनं दिलं वगैरे काही नाही, एका माणसाने प्यायच्या पाण्याची सोय केली, आणि दोन हजार वर्षांनी त्याचं नाव आपण वाचतोय.

टेस्टरबाईने प्रश्न काढलाच, "पण एवढ्या पावसात हे भिक्षू इथे बसून करायचे काय?"

म्हटलं, तेच करायचे. बसायचे. त्याला वर्षावास म्हणतात. वर्षभर गावोगाव फिरणाऱ्या भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एका जागी मुक्काम करायचा, हा नियम. पावसात फिरलं की कोवळी रोपं, किडेमुंग्या पायाखाली येतात, आणि नद्या-ओढे भरलेले असतात ते वेगळंच. त्यामुळे अशा लेण्यांचा खरा सीझन म्हणजे पावसाळा.

"म्हणजे ते पावसात थांबायला इथे यायचे, आणि आपण पाऊस पडला म्हणून घरून निघालो," टेस्टरबाई म्हणाली. बग नोंदवला गेला. आम्ही तो तिथेच सोडून पुढे निघालो.

शीटप्रमाणे आता विसापूर. भाज्याच्या बाजूने विसापूरला चढायची गंमत अशी की वरच्या टप्प्यात किल्ल्याच्या जुन्या दगडी पायऱ्यांवरूनच पाणी खाली येतं. म्हणजे चक्क धबधब्यातून जिना चढायचा. फोटो तुम्ही पाहिलेच असतील. पण तिथे पोचायच्या आधी एक ओढा आडवा येतो. आम्ही पोचलो तेव्हा पाणी गुडघ्याखाली, स्वच्छ, तळाचे दगड दिसत होते. पलीकडे जायला दहा पावलं. आमच्यापुढे दहा-बारा पोरांचा एक ग्रुप होता, ते हातात हात धरून साखळी करत उतरायला लागले. आम्ही बूट काढायचे की नाही यावर चर्चा करत उभे. आमच्यावर पाऊस नुसता भुरभुरत होता. वर विसापूरचं पठार मात्र दिसतच नव्हतं, काळं झालं होतं.

पाच-सात मिनिटांत पाण्याचा रंग बदलला. आधी चहात दूध घालावं तसा, मग सरळ लाल-तपकिरी. तळाचे दगड दिसेनात. पालापाचोळा आणि काटक्या वाहत आल्या. आवाजही बदलला, खळखळ जाऊन घुमल्यासारखा यायला लागला. साखळीवाली पोरं तोवर पलीकडे पोचली होती, शिट्ट्या वाजवून आम्हाला बोलावत होती.

फ्रेशर म्हणाला, "चला ना सर. ते गेले की. काही होत नाही."

आणि बंड्याने माझ्याकडे बघितलं.

इथे थोडा फ्लॅशबॅक. २००८ चा ऑगस्ट, ताम्हिणीच्या बाजूचा असाच एक ओढा. आम्ही पाच जण, नवी नोकरी, नवे डिजिटल कॅमेरे. पाणी असंच गढूळ. बंड्या म्हणाला होता, नको जायला. आणि मी, ट्रेकचा स्वयंघोषित लीडर, म्हणालो होतो, "चल रे, काही होत नाही रे!" मधोमध त्याचा पाय सरकला. तो पाण्यात आडवा झाला, त्याच्या सॅकचा एक पट्टा माझ्या हातात आला. पट्टा शिवलेला होता म्हणून तो आज कोथरूडला राहतो. शिलाई तुटली असती तर, हे वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही. त्याची एक सँडल गेली. पलीकडे जाऊन आम्ही वेड्यासारखे हसलो. फोटो ऑर्कुटवर टाकला, कमेंटचा पाऊस पडला. घरी कोणी काही सांगितलं नाही. आम्ही दोघं एकमेकांशीही त्याबद्दल सतरा वर्षांत एकदाही बोललो नव्हतो.

"परत फिरू," मी म्हणालो.

फ्रेशरचा चेहरा पडला. पलीकडून हुर्यो झाली. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली. चाळिशी उलटली की माणूस घाबरट होतो असं ही पोरं म्हणत असणार, हे परतीच्या वाटेवर प्रत्येक पावलाला डोक्यात होतं.

गावात एका काकूंच्या पडवीत जेवणाची सोय होती. ओले मोजे चुलीच्या वर दोरीला टाकले. पिठलं, तांदळाची भाकरी, हिरवा ठेचा, फोडलेला कांदा, आणि शेवटी इंद्रायणीचा वाफाळता भात. (हा तांदूळ आंबेमोहोराच्या वंशातला, इथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला. त्याच्या वासानेच निम्मं जेवण होतं.) काकूंनी विचारलं, "विसापूरला न्हाई गेला?" आम्ही कारण सांगितलं.

"ब्येस केलं. पानी गढूळलं का मागं फिरायचं. वर किती पडतोय त्ये खाली कळत न्हाई. आन डोंगर काय पळून चाललाय व्हय?"

काकूंनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते मी फ्रेशरला इंजिनिअरच्या भाषेत समजावलं. सह्याद्रीचा हा काळा कातळ, त्यात पाणी मुरायला फारशी जागा नाही, उतार उभे. वर पठारावर पाऊण तास कोसळलं की सगळ्या घळींमधलं पाणी एकाच ओढ्यात येतं, आणि खाली तुमच्या डोक्यावर थेंबही नसतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो. त्यामुळे "गुडघाभरच तर आहे" याला काही अर्थ नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातली पाच माणसं गेली, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितलाय. ती माणसं काही स्टंट करत नव्हती. सहलीला आली होती, पाण्यात उभी होती, आणि भोवतालचं पाणी वाढलं. त्यानंतर प्रशासनाने मनाई आदेश काढले, फलक लागले. आपण फलकापाशी उभं राहून सेल्फी काढतो.

"पण ती पोरं गेलीच ना पलीकडे, काही झालं नाही," फ्रेशर म्हणाला.

मुद्दा बरोबर होता. त्यांना काही झालं नाही. (पुढचं कळलं ते एवढंच, की पाणी उतरेपर्यंत ती पलीकडेच अडकली आणि पाचच्या सुमाराला उपाशी, कुडकुडत गावात आली. सगळी धडधाकट.) तेवढ्यात टेस्टरबाईने भाकरीचा तुकडा मोडत सांगितलं, "नव्व्याण्णव वेळा टेस्ट पास झाली म्हणजे बग नाही असं नसतं. बग सापडला नाही, एवढंच." मी वीस वर्षांच्या नोकरीत ऐकलेलं हे सगळ्यात कामाचं वाक्य. 'काही होत नाही' असं सांगायला परत येतात ते सगळे ज्यांना काही झालं नाही तेच असतात. २००८ नंतर मीही कित्येक जणांना तो किस्सा बंड्याचं नाव गाळून, हसत, असाच सांगितला होता.

लोहगड अर्थातच राहिला. दुपारभर पाऊस कोसळत होता, आम्ही पडवीत बसून कांदाभजी, चहा आणि पुन्हा चहा. शीटमधले चार रकाने रिकामे, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा चौघेही फोनकडे न बघता तीन तास बोललो. टेस्टरबाई म्हणाली, हा आपला वर्षावास.

परतीच्या लोकलमध्ये ती दोघं झोपली. बंड्या खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ती सॅक अजून आहे माझ्याकडे. माळ्यावर. बायको दर दिवाळीला टाकायला सांगते."

मी म्हटलं, "सॉरी यार." सतरा वर्षं उशिरा.

"ठीके रे," तो म्हणाला. आणि दापोडीपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.

रविवार पुण्यातला. सकाळी जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर, राष्ट्रकूटांच्या काळातलं, आठव्या शतकातलं. तोच काळा कातळ, वरून खाली कोरत नेलेला, आणि अंगणात तो गोल नंदीमंडप. मग शनिवारवाडा. मूळ इमारती १८२८ च्या आगीत गेल्या, पण हजारी कारंजं बघताना लक्षात येतं की इथलं पाणी कात्रजच्या तलावातून नळाने आणलं होतं, नानासाहेब पेशव्यांच्या काळात. आपल्या शहराला पाणी आणायचं ज्ञान जुनं आहे.

दुपारी शनिवार पेठेत आत्याकडे. आषाढ चालू, त्यामुळे कापण्या तळलेल्या होत्या, गुळाच्या, तीळ लावलेल्या. आम्ही चौघांनी डबा निम्मा केला. आत्या म्हणाली, "काल बारा जुलै होता. विसरलास ना?"

विसरलो होतो. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तो दिवस. आत्या तेव्हा सात वर्षांची. आदल्या रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून धरण तगवून धरलं, म्हणून पाणी पुण्यात रात्री न येता दिवसा आलं. आत्याने मग जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. सकाळी नदी चढायला लागली तशी पेठेतली पोरं पाणी बघायला लकडी पुलाकडे पळाली. बाबाही निघाले होते, वय चौदा. आजोबांनी त्यांना जिन्यातच धरलं, दंडाला. बाबा ओरडले, "सगळे गेलेत! काही होत नाही!" आजोबा एक अक्षर बोलले नाहीत, दंड सोडला नाही, आणि सगळ्यांना घेऊन पर्वतीकडे चालायला लागले.

"दादा महिनाभर रुसला होता," आत्या म्हणाली. "दंडावर वळ उठले होते ना."

वाड्याच्या खालच्या जिन्याजवळ भिंतीवर एक फिकट रेघ आहे. लहानपणापासून बघतोय, कोणी मारली कधी विचारलं नाही. त्या दिवशी फ्रेशर तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. सहा फुटांचा पोरगा, रेघ त्याच्या डोक्याच्या वर होती.

त्याने फोटो काढला नाही. नुसता हात वर करून तिला लावून बघितला.

असो. लोहगड राहिलाय, विसापूरही राहिलाय. त्या पायऱ्या डिसेंबरमध्येही तिथेच असतात, फक्त कोरड्या. सोमवारी शीट उघडली तर कोणीतरी एक नवीन रकाना टाकला होता: 'कुठून परत फिरायचं'. हिस्टरी तपासली. फ्रेशरने टाकला होता, रात्री पावणेबाराला.