मागची जागा

मोटारसायकलच्या आसनाची पारख दुकानात कधीच होत नाही. मोहोळपर्यंत सगळीच आसने गुबगुबीत वाटतात. खरी कसोटी पुण्याच्या वाटेवर टेंभुर्णीच्या पुढे लागते. दुकानदार अंगठ्याने फोम दाबून दाखवतो नि गिऱ्हाईक भुलते. पण फार मऊ फोम तासाभरात चेपतो आणि हाडांना तळ लागू लागतो. त्यापेक्षा थोडे टणक, मागे रुंद, पुढे न घसरवणारे आसन बरे. शिवाय आमचे सोलापूरचे ऊन! वैशाखात काळे रेक्झिन तव्यासारखे तापते. मग त्यावर इथल्याच मागावरचा टॉवेल घडी करून टाकायचा.

हे झाले चालवणाऱ्याचे. बाजारातल्या बऱ्याच तयार आसनांना मागे उंच, अरुंद पायरी असते. माझी पत्नी साडीत एका बाजूला पाय सोडून बसते. पंढरपूरला उतरली, की कंबरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहते, बोलत नाही. म्हणून यंदा कारागिराकडे तिलाच घेऊन गेलो. त्याने माप माझेच घ्यायला सुरुवात केली. ती म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, मागचे सपाट करा. आणि रंग काळा नको."

मातकट रेक्झिन निवडून झाले आहे. आसन शनिवारी मिळेल.